खेळती हवा आणि साडेत्रेसष्ट अंशांचा नियम

माणूस दिवसाकाठी अकरा-बारा हजार लिटर हवा श्वासावाटे आत घेतो. तोलून पाहिली तर ती तेरा-चौदा किलो भरेल. त्याच दिवसात पोटात जाणारे अन्न आणि पाणी यांचे वजन एकत्र केले तरी ते याच्या जवळपासही पोचत नाही. तरीही नळाच्या पाण्याला वास आला तर नगरपालिकेकडे तक्रार जाते, दुधात भेसळ आढळली तर खटला भरता येतो. पण वर्गात, कचेरीत, दवाखान्याच्या प्रतीक्षागृहात जी हवा असते तिच्याविषयी कोणी कोणाला जाब विचारीत नाही. भारतात २००९ साली जाहीर झालेली हवेच्या गुणवत्तेची राष्ट्रीय मानके बाहेरच्या हवेसाठी आहेत. रस्ता, कारखाना, धुराडे यांचा विचार त्यांत आहे. शिक्षक, कारकून आणि विद्यार्थी यांच्या दिवसाचे बहुतेक तास मात्र छपराखाली जातात, आणि छपराखालची हवा ही जणू ज्याची त्याची खासगी बाब आहे अशीच सर्वांची समजूत दिसते.

ही समजूत नेहमीच अशी नव्हती. म्यूनिकचे माक्स फॉन पेटेनकोफर यांनी १८५८ साली खोलीतील हवेला एक माप लावून दिले. माणसाच्या उच्छ्वासात कार्बन डाय-ऑक्साइड असतो. खोलीत माणसे दाटली आणि बाहेरची हवा आत आली नाही तर त्याचे प्रमाण वाढत जाते. दहा लाख भागांत हजार भाग, ही मर्यादा ओलांडली की खोलीतील हवा माणसांना पुरेशी नाही असे समजावे, असे पेटेनकोफर यांचे सांगणे होते. तो वायू त्या प्रमाणात स्वतः घातक असतो असे त्यांचे म्हणणे नव्हते. खोलीतील किती हवा कोणाच्या तरी छातीतून फिरून आलेली आहे याची ती खूण होती.

या खुणेचा हिशेब साधा आहे. उच्छ्वासात हा वायू सुमारे चार टक्के, म्हणजे दहा लाखांत चाळीस हजार भाग असतो. आजच्या बाहेरच्या हवेत तो सव्वाचारशेच्या आसपास आहे. खोलीत मापक हजार दाखवीत असेल तर आत जाणाऱ्या दर सत्तर श्वासांतला एक श्वास दुसऱ्या कोणी तरी सोडलेला असतो. खिडक्या लावून घेतलेल्या, भरगच्च खोलीत हा आकडा तीन हजारांपर्यंत सहज चढतो, आणि तेथे पंधरा-सोळा श्वासांमागे एक श्वास उष्टा असतो. उष्ट्या ताटाविषयी इतका काटेकोर असलेला समाज उष्ट्या श्वासाविषयी इतका उदार असावा, ही मौजेचीच गोष्ट म्हटली पाहिजे.

प्लेग, पिसू आणि रस्ते

पेटेनकोफर यांचे सर्वच म्हणणे बरोबर होते असे नाही. पटकी जंतूमुळेच होते हे त्यांना पटले नव्हते, आणि १८९२ साली त्यांनी पटकीच्या जंतूंचे द्रावण स्वतः पिऊन दाखविले होते. त्या पिढीतील बहुतेकांप्रमाणे त्यांचीही श्रद्धा दूषित हवेच्या जुन्या कल्पनेवर होती. रोग कुजक्या, कोंडलेल्या हवेतून उपजतो, ही ती कल्पना. शास्त्राच्या दृष्टीने ती चूक ठरली. पण त्या चुकीच्या पोटी इमारतींच्या बाबतीत जे नियम जन्माला आले ते चुकीचे नव्हते, आणि याचे सर्वांत ठळक उदाहरण मुंबईत सापडते.

१८९६ साली मांडवी भागात डॉ. अकासिओ व्हिएगस यांनी प्लेगचे निदान केले आणि पुढील काही महिन्यांत निम्मे शहर गावाकडे पळाले. १८९८ साली कायद्याने मुंबई सुधार विश्वस्त मंडळ, म्हणजे इंप्रूव्हमेंट ट्रस्ट, स्थापन झाले. दाट वस्तीत कोंडलेली हवा हेच साथीचे मूळ, असे धरून ट्रस्टने प्रिन्सेस स्ट्रीट आणि सँडहर्स्ट रोड हे रस्ते आखले. समुद्रावरचा पश्चिमेचा वारा गल्लीबोळांच्या त्या जंजाळात शिरावा, हा त्यांचा एक उघड हेतू होता. पुढे दादर-माटुंग्याच्या वसाहती आखल्या गेल्या त्याही याच विचाराने.

गंमत अशी की, ज्या वर्षी ट्रस्ट स्थापन झाला त्याच वर्षी फ्रेंच डॉक्टर पॉल-लुई सिमाँ यांनी कराचीत प्रयोग करून दाखवून दिले की प्लेग उंदरावरच्या पिसवांमधून पसरतो. रस्ता कितीही रुंद केला तरी पिसू त्याने अडत नाही. आणखी एक कटू गोष्ट येथे नोंदविली पाहिजे. ट्रस्टने प्रारंभीच्या वर्षांत जितकी घरे पाडली तितकी बांधली नाहीत. ज्यांच्या आरोग्यासाठी म्हणून रस्ते झाले त्यांतली हजारो गरीब कुटुंबे शेजारच्या आणखी दाट वस्तीत ढकलली गेली. ट्रस्टचे गुणगान करताना हे विसरण्याचे कारण नाही.

तरीही या ट्रस्टने एक नियम मागे ठेवला, आणि तो ध्यानात ठेवण्यासारखा आहे. ट्रस्टचे अध्यक्ष जे. पी. ऑर यांनी त्याचा हिरिरीने पुरस्कार केला आणि १९१२ साली मुंबईतील घरांचा उजेड आणि हवा या विषयावर व्याख्यानही दिले. नियम असा : खिडकीच्या भिंतीच्या पायथ्यापासून आकाशाकडे साडेत्रेसष्ट अंशांची एक रेषा काढावी आणि समोरची इमारत त्या रेषेच्या वर जाऊ देऊ नये. भूमितीच्या भाषेतून व्यवहाराच्या भाषेत आणले तर याचा अर्थ, समोरच्या इमारतीची जितकी उंची, त्याच्या निम्मे अंतर मध्ये मोकळे सोडले पाहिजे. तळमजल्यावरच्या भाडेकरूलाही आकाशाचा एक तुकडा मिळाला पाहिजे, एवढीच त्याची अपेक्षा. प्लेगवर त्याचा किती परिणाम झाला असेल हे बाजूला ठेवू. पण प्लेगहून संथपणे आणि प्लेगहून अधिक काळ मुंबईची माणसे खाणारा जो रोग आहे, त्या क्षयाच्या बाबतीत हा नियम नेमका होता. हे मात्र त्या वेळी कोणाला सिद्ध करता आले नसते.

गच्चीवरची गिनिपिगे

रॉबर्ट कॉख यांनी १८८२ साली क्षयाचा जंतू दाखविला आणि दूषित हवेची कल्पना मागे पडू लागली. तिच्यावर शेवटचा घाव अमेरिकेतील प्रॉव्हिडन्स शहराचे आरोग्याधिकारी चार्ल्स चेपिन यांनी १९१० सालच्या आपल्या ग्रंथात घातला. रोग पसरतात ते स्पर्शाने आणि अगदी जवळून उडणाऱ्या थुंकीच्या तुषारांनी. हवेतून दूरवर पसरण्याची भीती बहुतांशी व्यर्थ आहे, हे त्यांचे प्रतिपादन होते. हवेची भीती गेल्याखेरीज लोक हात धुण्याकडे लक्ष देणार नाहीत, असेही त्यांना वाटत असे. हेतू चांगला होता. पण त्या हेतूपायी पन्नास वर्षे वैद्यकाने खोलीतील हवेकडे पाठ फिरविली.

तिच्याकडे पुन्हा तोंड वळविणारा माणूस डॉक्टर नव्हता. विल्यम फर्थ वेल्स हे अभियंते. खोकल्यातून उडणारा मोठा थेंब जमिनीवर पडतो, पण लहान थेंब पडण्यापूर्वीच वाळतो आणि त्याचा उरलेला सूक्ष्म कण, आतल्या जंतूसह, तासन् तास हवेत तरंगत राहतो, हे त्यांनी १९३४ साली गणिताने मांडले. त्यांनी आणि त्यांच्या डॉक्टर पत्नी मिल्ड्रेड वेल्स यांनी फिलाडेल्फिया परिसरातील काही शाळांच्या वर्गांत छताजवळ अतिनील किरणांचे दिवे बसविले. १९४१ साली गोवराची साथ आली तेव्हा दिव्यांच्या वर्गांत तिचे प्रमाण इतर वर्गांच्या मानाने पुष्कळच कमी राहिले. इतरत्र केलेले असेच प्रयोग फसले. मुले एकाच बसमधून येत-जात आणि शाळेबाहेर एकत्र खेळत, त्यामुळे वर्गातल्या दिव्यांचा उपयोग होईना. टीकाकारांनी मग या फसलेल्या प्रयोगांवर बोट ठेवून सारा विषयच गुंडाळून टाकला.

वेल्स यांनी नाद सोडला नाही. फुप्फुसविज्ञानाचे तज्ज्ञ रिचर्ड रायली यांच्या साहाय्याने त्यांनी १९५६ साली बाल्टिमोरच्या माजी सैनिकांच्या रुग्णालयात एक विलक्षण प्रयोग उभा केला. क्षयाच्या सहा रुग्णांचा एक वॉर्ड. त्यातील सर्व हवा नळाने वर, छतावरच्या खोलीत नेलेली. आणि त्या खोलीत दीडशेवर गिनिपिगे. रुग्ण आणि प्राणी यांचा हवेखेरीज कोणताही संबंध नाही. दोन वर्षांत ७१ गिनिपिगांना क्षयाचा संसर्ग झाला, म्हणजे महिन्याला साधारण तीन.

निर्णय लागला असे वाटावे. पण शंका निघालीच : प्राण्यांच्या चाऱ्यातून किंवा पाण्यातून संसर्ग झाला नाही कशावरून? तेव्हा दुसरी तशीच खोली जोडण्यात आली. तिला तीच हवा, तोच चारा, तेच पाणी. फरक एवढाच की हवा आत शिरण्यापूर्वी तिच्यावर अतिनील किरण सोडलेले. पहिल्या खोलीतील गिनिपिगे पूर्वीप्रमाणे संसर्गग्रस्त होत राहिली. दुसऱ्या खोलीतील एकाही प्राण्याला संसर्ग झाला नाही. वेल्स त्या अखेरच्या काळात स्वतः असाध्य आजाराने अंथरुणाला खिळले होते. १९६३ साली ते वारले.

क्षय हवेतून पसरतो हे यानंतर मान्य झाले. पण ते क्षयापुरतेच मान्य झाले, आणि तेही अशा वेळी की क्षयावर औषधे निघालेली होती. आपल्याकडे मद्रासच्या केंद्राने १९५९ साली दाखवून दिले की घरी राहून औषधे घेणारा रुग्ण आरोग्यधामातल्या रुग्णाइतकाच बरा होतो, आणि त्याच्या घरच्यांना त्यामुळे अधिक धोका संभवत नाही. गरीब देशाला हा शोध वरदान ठरला यात शंका नाही. पण औषध मिळाले म्हणून खिडकीचे महत्त्व संपले असा जो अर्थ काढला गेला तो मद्रासच्या प्रयोगात नव्हता. निदान होण्याआधीचे जे महिने रुग्ण खोकत कचेरीत, वर्गात आणि घरात वावरतो, त्या महिन्यांत गोळीचा उपयोग नसतो.

१९७४ साली न्यूयॉर्क राज्यातील एका आधुनिक शाळेत दुसरीतल्या एका मुलीला गोवर झाला. ९७ टक्के मुलांना लस टोचलेली होती, तरी तिच्यापासून २८ मुलांना लागण झाली, आणि ही २८ मुले १४ वेगवेगळ्या वर्गांतली होती. ज्यांनी त्या मुलीला कदाचित पाहिलेही नसेल अशा मुलांपर्यंत रोग कसा गेला? रायली यांनी हिशेब मांडून दाखविले की शाळेची वायुवीजनाची यंत्रणा एका वर्गातली हवा ओढून पुन्हा सर्व वर्गांत वाटत होती. इंधन वाचावे म्हणून केलेली ती सोय होती.

बंद इमारतींचे युग

इंधन वाचविण्याची ही ओढ १९७३ च्या तेलटंचाईनंतर अनावर झाली. पाश्चात्त्य देशांत कचेऱ्यांच्या खिडक्या कायमच्या बंद झाल्या आणि १९८१ साली अमेरिकेतील वातानुकूलन अभियंत्यांच्या संस्थेने बाहेरच्या हवेचे किमान प्रमाण दर माणशी मिनिटाला अवघ्या पाच घनफुटांवर आणून ठेवले. डोके दुखणे, डोळे चुरचुरणे, दुपारनंतर ग्लानी येणे अशा तक्रारी इतक्या वाढल्या की जागतिक आरोग्य संघटनेला ‘आजारी इमारत’ या अवस्थेची नोंद घ्यावी लागली. १९८९ साली तोच आकडा तिप्पट करण्यात आला.

मोठी परीक्षा अजून व्हायची होती. २८ मार्च २०२० रोजी जागतिक आरोग्य संघटनेने जाहीर केले की कोव्हिड हवेतून पसरत नाही. त्याच महिन्यात, दहा तारखेला, अमेरिकेच्या वॉशिंग्टन राज्यात एका गायकवृंदाची अडीच तासांची तालीम झाली होती. ६१ जण हजर होते, ५३ आजारी पडले, दोघे दगावले. चेपिन यांची सावली अद्याप सरली नव्हती. पाच मायक्रॉनहून मोठा कण हवेत तरंगत नाही असे पाठ्यपुस्तकांत लिहिलेले असे. हा आकडा आला कोठून, याचा शोध लिन्झी मार आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २०२१ साली घेतला. क्षयाचा जंतू फुप्फुसाच्या तळापर्यंत पोचायला कण पाचाहून लहान असावा लागतो, एवढेच मूळचे विधान होते. कोठे तरी नकलानकलीत तेच हवेत तरंगण्याची मर्यादा होऊन बसले. वेल्स यांनी दिलेली मर्यादा शंभराच्या आसपास होती. लिडिया मोराव्स्का आणि डोनाल्ड मिल्टन यांनी जुलै २०२० मध्ये २३९ शास्त्रज्ञांच्या पाठिंब्याचे जाहीर पत्र लिहिले, तरी संघटनेला सरळ कबुली द्यायला २०२१ उजाडले. मधल्या काळात जगभर टेबले पुसली गेली, भाजी धुतली गेली, आणि खिडक्या बंदच राहिल्या.

या सर्वांत आपल्याला उपयोगी पडणारे संशोधन मात्र पेरू देशातले आहे. लिमा शहरातील आठ रुग्णालयांत हवा किती वेळा पालटते हे २००७ साली मोजून प्रसिद्ध करण्यात आले. दारे-खिडक्या उघडल्यावर खोलीतील सर्व हवा तासाला २८ वेळा बदलत होती. क्षयाच्या वॉर्डांसाठी महागड्या यंत्रांकडून अपेक्षा बारा वेळांची असते. त्यातही पन्नास वर्षांपूर्वीच्या, उंच छताच्या आणि मोठ्या खिडक्यांच्या इमारतींत हा आकडा ४० होता, आणि नव्या इमारतींत १७. ज्यांना क्षय कसा पसरतो हे नीटसे ठाऊक नव्हते त्यांनी बांधलेले वॉर्ड, ज्यांना ते पक्के ठाऊक होते त्यांच्या वॉर्डांहून अधिक सुरक्षित निघाले.

आपल्या शाळांना हा हिशेब लावून पाहता येईल. पंचवीस फूट लांब, वीस फूट रुंद, दहा फूट उंच असा वर्ग, आणि त्यात पन्नास मुले. मोराव्स्का यांच्या गटाने २०२४ साली सुचविलेले प्रमाण दर माणशी सेकंदाला चौदा लिटर बाहेरच्या हवेचे आहे. त्या हिशेबाने या वर्गातील हवा तासाला अठरा वेळा बदलली पाहिजे. समोरासमोरच्या भिंतींत खिडक्या आणि पुढे ओसरी असलेल्या जिल्हा परिषदेच्या जुन्या शाळेत, थोडा वारा असेल तर, हे विनासायास घडते. खिडक्या बंद करून भिंतीवर स्प्लिट एसी बसविलेल्या शिकवणी-वर्गात ते घडणे अशक्य आहे. कारण तो एसी बाहेरची हवा आत घेतच नाही. तीच हवा गार करून पुन्हा तोंडावर सोडतो. शुल्क भरणाऱ्या पालकांना गारवा दिसतो.

जुने ते सारे चांगले, असे मात्र कोणी समजू नये. वाड्यातले माजघर अंधारे आणि कोंदट असे. बाळंतिणीला वारा बाधेल म्हणून खिडक्या लावून, कोळशाच्या शेगडीच्या धुरात ठेवण्याची चाल कित्येक घरांत होती. चुलीपुढे आयुष्य काढणाऱ्या बायकांनी घरातल्या घरात किती धूर गिळला याची मोजदाद कोणी केली नव्हती. चाळ या दृष्टीने वाड्याहून बरी. एका बाजूला गॅलरी आणि दुसऱ्या बाजूला खिडकी असेल तर वारा आरपार जातो.

खिडकी उघडणे हा सर्व ठिकाणचा उपाय नव्हे, हेही खरे. दिल्लीच्या हिवाळ्यात किंवा मुंबईत बांधकामांच्या धुळीत बाहेरची हवा आत घेणे म्हणजे एक विघ्न टाळून दुसरे ओढवणे. अशा ठिकाणी हवा गाळावी लागते. तेही फार खर्चाचे काम नाही : रिचर्ड कॉर्सी आणि जिम रोझेन्थल यांनी २०२० साली साध्या पंख्याला चार-पाच गाळण्या चिकटपट्टीने जोडून केलेला खोका कित्येक शाळांतील मुलांनी स्वतः तयार केला. कार्बन डाय-ऑक्साइड मोजणारे यंत्र तर हातात मावते. प्रत्येक शाळेने आणि प्रत्येक कचेरीने ते भिंतीवर टांगावे आणि त्यावरचा आकडा सर्वांना दिसावा, ही मागणी शिक्षकांच्या आणि कर्मचाऱ्यांच्या संघटनांनी वेतनश्रेणीच्या मागणीइतक्याच आग्रहाने करावी अशी आहे.

पण गाळणी आणि मापक यांनी जे साधत नाही ते इमारतीच्या आराखड्यातच साधावे लागते, आणि मुंबईत आज हजारो घरांचे आराखडे नव्याने मंजूर होत आहेत. पुनर्वसनाच्या इमारतींना बाजूच्या मोकळ्या जागेची अट शिथिल करून दिलेली आहे. जमीन महाग आणि घरे हवीत, हे त्याचे समर्थन असते. ते अगदीच पोकळ नाही. पण ही सवलत बांधणाऱ्याला मिळते आणि तिची किंमत तळमजल्यावरचा रहिवासी भरतो. साडेत्रेसष्ट अंशांची रेषा किमान या इमारतींना तरी पुन्हा लागू करावी, असे म्हणायला आता पेटेनकोफर यांची श्रद्धा लागत नाही. बाल्टिमोरची गिनिपिगे पुरेशी आहेत.

गोवंडी-मानखुर्दकडच्या लल्लूभाई कंपाउंड आणि नटवर पारेख कंपाउंड या वसाहतींत प्रकल्पग्रस्त कुटुंबांना आणून वसविण्यात आले. ‘डॉक्टर्स फॉर यू’ या संस्थेने केलेल्या आणि २०१८ साली पुढे आलेल्या पाहणीत या दोन्ही ठिकाणी क्षयाचे प्रमाण जवळच्याच, अधिक मोकळ्या रचनेच्या पीएमजी वसाहतीपेक्षा बरेच जास्त आढळले. कुपोषण आणि दाटी यांचाही त्यात वाटा असणारच. पण इमारतींमधले अंतर पाहण्यासारखे आहे. सात मजली इमारतीची उंची वीस मीटर धरली तर ऑर यांच्या नियमाने मध्ये दहा मीटर मोकळे हवे. तेथे ते तीन मीटर आहे. मधल्या त्या अरुंद गल्लीत वरून टाकलेला कचरा साचतो, आणि त्याच्या दुर्गंधीमुळे खालच्या मजल्यांवरची पुष्कळ कुटुंबे घराची एकुलती एक खिडकी दिवसभर लावून घेतात.